लँगम्यूर यांचे संशोधन, त्यांचा प्रभाव आणि आपल्या प्रबंधांतील त्यांचे समीकरण

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी रसायनशास्त्र शिकवणाऱ्या तरुण प्राध्यापिकेने विचारले आहे की, पऱ्हाटीपासून (कापसाच्या वाळलेल्या झाडांपासून) तयार केलेल्या कोळशाने बोअरच्या पाण्यातील फ्लोराइड काढण्याच्या त्यांच्या प्रबंधात लँगम्यूर यांचे समीकरण आले आहे. मौखिक परीक्षेत या शास्त्रज्ञाच्या कार्याविषयी आणि प्रभावाविषयी विचारतील, तेव्हा सनावळीपलीकडचे काय समजून घ्यावे? मी विदर्भातील ग्रामीण महाविद्यालयांत बरीच वर्षे भौतिक रसायनशास्त्र शिकवले आहे आणि याच विषयावरील पुष्कळ प्रबंध वाचले आहेत. त्या अनुभवातून एक गोष्ट आधीच स्पष्टपणे सांगतो. लँगम्यूर यांचे नाव आपल्याकडे एका सरळ रेषेचे नाव होऊन बसले आहे, आणि ज्या विचारातून ती रेषा आली तो विचार बहुतेक प्रबंधांत कुठेच दिसत नाही. त्यांचा खरा प्रभाव त्या विचारात आहे, म्हणून उत्तर तिथूनच सुरू करावे लागेल.

अर्व्हिंग लँगम्यूर यांचा जन्म 1881 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये झाला. कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी 1903 मध्ये धातुशास्त्रीय अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि पुढे जर्मनीत गटिंगेन येथे वाल्टर नेर्न्स्ट यांच्या मार्गदर्शनाखाली 1906 मध्ये डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता तापलेल्या तारेजवळ वायूंचे विघटन आणि थंड होताना त्यांचे पुन्हा संयोग पावणे. हा विषय लक्षात ठेवा, कारण तापलेली तार आणि तिच्याभोवतीचा विरळ वायू ही जोडी त्यांनी पुढे दीर्घकाळ सोडली नाही. परत आल्यावर होबोकनच्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काही काळ अध्यापन केले. तिथे अध्यापनाच्या भारामुळे संशोधनाला वाव कमी होता. 1909 च्या उन्हाळ्यात ते स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत काही आठवड्यांसाठी म्हणून गेले आणि 1950 मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. 1932 मध्ये पृष्ठरसायनातील शोधांसाठी त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि 1957 मध्ये त्यांचे निधन झाले. चरित्राचा सांगाडा एवढाच आहे.

त्या प्रयोगशाळेत त्या काळचा कळीचा प्रश्न विजेच्या दिव्याचा होता. टंगस्टनच्या तारेचे दिवे काही काळ जळल्यावर आतून काळे पडत आणि त्यांचा उजेड मंदावे. दिव्यात शिल्लक राहिलेल्या वायूमुळे असे होते, म्हणून निर्वात आणखी चांगला केला पाहिजे, अशी बहुतेकांची समजूत होती. लँगम्यूर यांनी उलट वाट धरली. निर्वात सुधारण्याऐवजी त्यांनी एकेक वायू मुद्दाम थोड्या प्रमाणात दिव्यात सोडला आणि प्रत्येकाने नेमके काय होते ते मोजले. पाण्याची वाफ फार घातक ठरली: तप्त तारेवर तिचे विघटन होऊन ऑक्सिजन टंगस्टनला ऑक्साइडच्या रूपात काचेवर नेत असे, तिथे अणुरूप हायड्रोजन त्याचे पुन्हा धातूत रूपांतर करी आणि पाणी परत तयार होई; म्हणजे वाफेचा अंशसुद्धा हेच काम पुन्हापुन्हा करत राही. वाफ पूर्ण काढून टाकल्यावरही दिवे सावकाश काळे पडत, आणि ते केवळ टंगस्टनच्या बाष्पीभवनामुळे, हे त्यांनी दाखवले. मग निर्वाताचा हट्ट सोडून दिव्यात नायट्रोजन, आणि पुढे आरगॉन, भरण्याची कल्पना आली. निष्क्रिय वायूच्या दाबामुळे बाष्पीभवन मंदावते. वायूमुळे होणारा उष्णतेचा ऱ्हास कमी ठेवण्यासाठी तारेचे वेटोळे करावे, हेही त्यांनी तारेभोवतीच्या स्थिर वायुथराचा अभ्यास करून ठरवले. 1913 च्या सुमाराचा हा वायुभरित दिवा. आपल्या गावांत वीज आल्यावर घराघरांत लागलेले पिवळ्या उजेडाचे बल्ब याच कामाचे वारस होते.

परंतु परीक्षकांनी विचारले तर दिव्यावर थांबू नका, कारण रसायनशास्त्राच्या दृष्टीने मोलाचे जे घडले ते दिव्याच्या आत घडले. हायड्रोजन भरलेल्या दिव्यात अतितप्त तारेपासून होणारा उष्णतेचा ऱ्हास अपेक्षेपेक्षा फार वाढतो, हे त्यांच्या लक्षात आले. वायूचे रेणू अणूंत फुटत असून त्यासाठी लागणारी ऊर्जा तारेतून जाते, असा अर्थ त्यांनी लावला. त्यातून हायड्रोजनच्या विघटनाची ऊर्जा हाती आली आणि पुढे अणुरूप हायड्रोजनवर चालणारे वेल्डिंग निघाले. कमी दाबाला ठेवलेला हायड्रोजन दिव्यातून हळूहळू नाहीसा होतो, तो काचेला चिकटतो, आणि काच एका मर्यादेपलीकडे तो घेत नाही, हेही दिसले. टंगस्टनच्या पृष्ठावर ऑक्सिजनचा किंवा थोरियमचा अगदी एक अणू जाडीचा थर बसला, तरी तारेतून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याचे प्रमाण पार बदलून जाते. या सर्व निरीक्षणांचा रोख एकाच निष्कर्षाकडे होता: पृष्ठावर चिकटणारा थर जाड, विरत जाणारा, वातावरणासारखा नसतो, बहुतेक वेळा तो एकाच रेणूचा असतो आणि त्याला धरून ठेवणारी बले रासायनिक बंधांच्याच जातीची, अत्यंत कमी पल्ल्याची असतात.

1916, 1917 आणि 1918 या तीन वर्षांत अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे जे लेख आले, त्यांत हा विचार पूर्णत्वाला गेला. 1918 च्या लेखात काच, अभ्रक आणि प्लॅटिनम यांच्या सपाट पृष्ठांवरील वायूंच्या अधिशोषणाची, म्हणजे पृष्ठाला चिकटून राहण्याची, मोजमापे आहेत, आणि आपण वापरतो ते समीकरण तिथलेच. त्याची मांडणी एसटीच्या आसनांसारखी समजावी: आसने मोजकी आहेत, एका आसनावर एकच प्रवासी बसतो, आणि शेजारी कोण बसले आहे याचा कुणाला फरक पडत नाही. रेणू चिकटण्याचा वेग रिकाम्या जागांवर आणि वायूच्या दाबावर अवलंबून असतो. सुटण्याचा वेग भरलेल्या जागांवर अवलंबून असतो. दोन्ही वेग समान झाले की समतोल. या तीन ओळींतून समीकरण निघते: अधिशोषित प्रमाण = कमाल क्षमता × स्थिरांक × दाब ÷ (1 + स्थिरांक × दाब); द्रावणासाठी दाबाच्या जागी तीव्रता घ्यायची. त्याआधी फ्रॉइंडलिश यांचे घातांकी समीकरण प्रचारात होते. पण ते प्रयोगातील बिंदूंना जुळणारी वक्ररेषा होती. लँगम्यूर यांचे समीकरण गृहीतकांतून आलेले होते, म्हणजे ते चुकीचे ठरू शकत होते आणि का चुकले हेही सांगता येत होते. माझ्या मते त्यांच्या प्रभावाचे मूळ इथे आहे.

1917 च्या कामाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण ते आपल्या विद्यार्थ्यांना हातांनी करून दाखवता येते. पाण्यावर तेलाचा थर किती पातळ पसरतो यावर लॉर्ड रॅले यांनी काम केले होते. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे अ‍ॅग्नेस पॉकेल्स यांनी विद्यापीठाचे शिक्षण नसताना, घरच्या घरी, पाण्याने भरलेल्या तबकावर सरकती पट्टी ठेवून पृष्ठताणाची बारकाईने मोजमापे घेतली होती. रॅले यांच्या पुढाकाराने ती 1891 मध्ये प्रसिद्ध झाली. लँगम्यूर यांनी त्याच पद्धतीत पृष्ठदाब थेट मोजणारा तराजू जोडला. त्यांना दिसले की मेदाम्लाची साखळी लांब असो की आखूड, दाटीवाटीने बसलेल्या प्रत्येक रेणूला पाण्यावर जवळपास तेवढीच जागा लागते, साधारण 20 चौरस अँगस्ट्रॉम. याचा अर्थ रेणू पाण्यावर आडवे पडत नाहीत. आम्लाचे टोक पाण्यात आणि साखळी वर, असे ते उभे राहतात. रेणूंचा आकार आणि त्यांची बसण्याची दिशा एका तबकावर कळली. बी.एस्सी.च्या मुलांना मोठी परात, पाणी, टाल्कम पावडर आणि स्पिरिटमध्ये खूप विरळ केलेले ओलेइक आम्ल एवढ्या साहित्यावर रेणूच्या लांबीचा चांगला अंदाज काढता येतो. यंत्रे नाहीत म्हणून भौतिक रसायनशास्त्र शिकवता येत नाही, असे आपल्या भागात वारंवार ऐकू येते, तेव्हा मला पॉकेल्स आठवतात.

या थरांचे काम पुढे कॅथरीन ब्लॉजेट यांनी नेले. 1918 मध्ये त्या लँगम्यूर यांच्या प्रयोगशाळेत आल्या, 1926 मध्ये केंब्रिजमधून भौतिकशास्त्राची डॉक्टरेट मिळवणारी पहिली महिला ठरल्या, आणि पाण्यावरील एकेक थर काचेवर उचलून थरावर थर चढवण्याची पद्धत त्यांनी सिद्ध केली. असे 44 थर दिलेल्या काचेवरून प्रकाशाचे परावर्तन जवळजवळ थांबते, हे त्यांनी 1938 मध्ये दाखवले. आज त्या थरांना दोघांचीही नावे आहेत, आणि ते योग्यच आहे.

बाकीचे काम मी भरभर सांगतो, कारण तुमच्या विषयाशी त्याचा संबंध दूरचा आहे. 1919 मध्ये त्यांनी गिल्बर्ट लुईस यांच्या इलेक्ट्रॉनजोडीच्या कल्पनेचा विस्तार करून अष्टक सिद्धांत अमेरिकाभर पोहोचवला. सहसंयुजेसाठी आज रूढ असलेली इंग्रजी संज्ञाही त्यांनीच दिली. कल्पनेचे मूळ श्रेय लुईस यांचे होते आणि ते झाकोळले जाते याचे शल्य लुईस यांना होते, हेही नोंदवले पाहिजे. विरळ वायूतून वाहणाऱ्या विजेच्या अभ्यासातून 1928 मध्ये त्यांनी ‘प्लाझ्मा’ हे नाव दिले, आणि त्याच्या मोजमापासाठी वापरली जाणारी विद्युतशलाका अजून त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

त्यांचा प्रभाव मोजायचा तर उल्लेखांची संख्या पाहू नये. त्यांच्या गृहीतकांना धरून किंवा त्यांच्याशी भांडून पुढे काय उभे राहिले ते पाहावे. प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइडचे ज्वलन कसे होते, यावरील त्यांचे 1922 चे लेखन उत्प्रेरणाच्या अभ्यासाचा पाया ठरले. सिरिल हिन्शेलवुड यांनी ती दिशा वाढवली, आणि गेरहार्ड एर्टल यांनी, ज्यांना 2007 चे नोबेल मिळाले, ही प्रक्रिया पृष्ठावर शेजारी चिकटलेल्या दोन घटकांमध्ये होते, हे आधुनिक साधनांनी दाखवून दिले. ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर यांनी 1938 मध्ये एकाच थराची अट काढून थरांवर थर मान्य केले. तुम्ही कोळशाचा नमुना बाहेरगावी पाठवून नायट्रोजनच्या साहाय्याने त्याचे पृष्ठक्षेत्रफळ मोजून आणता, ते याच विस्ताराने. अतिनिर्वातात पृष्ठावर किती वायू आदळला हे सांगणाऱ्या एककालाही लँगम्यूर यांचेच नाव आहे.

मात्र मोठ्या प्रभावाची सावलीही मोठी असते आणि तुमच्या प्रबंधाला ती बाजू विशेष लागू आहे. मायकेल पोलान्यी यांनी त्याच काळात वेगळा सिद्धांत मांडला होता: घन पदार्थाचे आकर्षण पृष्ठापासून काही अंतरापर्यंत पसरलेले असते आणि त्या क्षेत्रात वायू दाट होतो. लँगम्यूर यांच्या एकथराच्या यशापुढे तो बराच काळ मागे पडला. पुढे दुबिनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोळशातील अतिसूक्ष्म छिद्रांसाठी तोच विचार पुन्हा उभा केला, कारण अशा छिद्रांत थर बसण्यापेक्षा छिद्र भरून जाणे हेच घडते. 1947 चे दुबिनिन-राडुश्केविच समीकरण, जे आपल्या प्रबंधांत लँगम्यूर यांच्या खालच्या रकान्यात येते, ते पोलान्यी यांच्या घराण्यातले आहे. एकाच तक्त्यात दोन्ही समीकरणे जुळवून “दोन्ही लागू पडतात” असे लिहिताना आपण परस्परविरोधी चित्रे एकाच वेळी मान्य करतो आहोत, याची जाणीव हवी. पऱ्हाटीचा कोळसा, संत्र्याच्या सालीचा कोळसा किंवा सागवानाचा भुसा यांची पृष्ठे लँगम्यूर यांच्या अभ्रकासारखी सपाट आणि एकजिनसी नाहीत.

आता तुमच्या समीकरणाच्या वापराकडे येतो. आपल्याकडे प्रथा अशी आहे की समतोलातील तीव्रता आणि अधिशोषित प्रमाण यांचे गुणोत्तर उभ्या अक्षावर घ्यायचे, तीव्रता आडव्या अक्षावर घ्यायची, आणि आर-स्क्वेअर (रेषा बिंदूंना किती जुळते हे सांगणारा आकडा) 0.99 आला की “लँगम्यूर लागू” असा निर्वाळा द्यायचा. दोन्ही अक्षांवर तीव्रता असल्यामुळे ही रेषा मुळातच सरळ दिसण्याकडे झुकलेली असते. माहिती सुमार असली तरी आकडा सुरेख येतो. म्हणून मूळ वक्र समीकरणच अरेषीय पद्धतीने जुळवा. संगणकावरील साध्या स्प्रेडशीटमध्येही ते होते. दुसरे, आर-एल नावाचा विभाजनगुणक शून्य ते एक यांमध्ये आला म्हणून अधिशोषण अनुकूल आहे, असे वाक्य जवळजवळ प्रत्येक प्रबंधात असते. समतोलाचा स्थिरांक आणि सुरुवातीची तीव्रता दोन्ही धन असतील, तर तो गुणक त्या मर्यादेबाहेर जाऊच शकत नाही. त्यामुळे त्या वाक्यात कोणतीही नवी माहिती नाही. स्थिरांकावरून मुक्त ऊर्जा काढताना एकके न बदलता लिटर प्रति मिलिग्रॅम तसाच लॉगरिदममध्ये घालणे, ही तिसरी नेहमी आढळणारी चूक आहे.

यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा गावच्या पाण्याचा आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड 1.0 मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसल्यास 1.5 पर्यंत चालवून घेण्याजोगे आहे. म्हणजे गाळणीतून बाहेर पडणारे पाणी 1 च्या आसपास असले पाहिजे, आणि कोळशाची परीक्षा त्या तीव्रतेला व्हायला हवी. आपण मात्र 50 किंवा 100 मिलिग्रॅमपर्यंतची द्रावणे घेऊन कमाल क्षमता काढतो आणि तिच्यावरून क्रम लावतो. उदाहरणादाखल समजा, एका पदार्थाची कमाल क्षमता 20 मिलिग्रॅम प्रति ग्रॅम आणि स्थिरांक 0.05 आहे, तर दुसऱ्याची क्षमता 5 आणि स्थिरांक 0.8 आहे. समीकरणात 1 मिलिग्रॅम प्रति लिटर तीव्रता घातली, तर पहिला सुमारे 0.95 मिलिग्रॅम फ्लोराइड धरतो आणि दुसरा सुमारे 2.2. कागदावर चौपट क्षमतेचा पदार्थ गावच्या हापशीवर निम्म्याहून कमी काम करतो. कमी तीव्रतेला क्षमता आणि स्थिरांक यांचा गुणाकारच निर्णायक असतो, आणि ही गोष्ट लँगम्यूर यांच्या समीकरणानेच सांगितलेली आहे. आपण ती वाचत नाही.

पाण्यातील इतर आयनांचेही तसेच. ऊर्ध्वपातित पाण्यात सोडियम फ्लोराइड विरघळवून केलेल्या प्रयोगात जागांसाठी फारशी स्पर्धा नसते. यवतमाळ-चंद्रपूरकडील फ्लोराइडयुक्त विहिरींचे पाणी सहसा अल्कधर्मी आणि बायकार्बोनेटने भरलेले असते, आणि पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात क्षारांचा भार त्याहून मोठा आहे. जागा मर्यादित आहेत हे गृहीत धरले की दुसरा आयन आपल्या वाट्याच्या जागा घेणार हे ओघाने येते. समीकरणाच्या छेदात त्या आयनाचे पद मिळवले की स्पर्धात्मक रूप तयार होते. फ्लोराइडसाठी नावाजलेली सक्रियित अ‍ॅल्युमिनासुद्धा किंचित आम्लधर्मी पाण्यात, सामू 5.5 ते 6 च्या आसपास, उत्तम काम करते आणि सामू वाढला की तिची क्षमता घसरते, कारण पृष्ठावरचा धन भार कमी होतो आणि हायड्रॉक्सिल आयन स्पर्धेत उतरतात. साध्या कोळशाच्या पृष्ठाला तर फ्लोराइडची ओढ मुळातच कमी असते. त्यावर अ‍ॅल्युमिनियम किंवा कॅल्शियमची संयुगे चढवली, तर चिकटण्याची जागा नेमकी कोणती, हे प्रबंधात लिहिलेच पाहिजे.

लँगम्यूर यांच्या उत्तरायुष्याविषयी परीक्षक हमखास विचारतात, कारण दुष्काळी वर्षांत महाराष्ट्रातही ढगांत बीजारोपणाचे, म्हणजे पाऊस पाडण्यासाठी ढगांत कण सोडण्याचे, प्रयोग झाले आहेत. 1946 मध्ये त्यांचे सहकारी व्हिन्सेंट शेफर यांनी घन कार्बन डायऑक्साइडने आणि बर्नार्ड व्हॉनेगट यांनी सिल्व्हर आयोडाइडने अतिशीत (शून्याखाली जाऊनही न गोठलेल्या) ढगांत बर्फाचे कण तयार होतात, हे दाखवले. हे निरीक्षण पक्के होते. परंतु पुढे लँगम्यूर यांनी न्यू मेक्सिकोत ठराविक दिवशी केलेल्या बीजारोपणाचा परिणाम शेकडो मैल दूरच्या पावसावर दिसतो, असे दावे केले, आणि हवामानशास्त्रज्ञांना ते पटले नाहीत, कारण हवामानातील नैसर्गिक चढउतार वगळून परिणाम वेगळा काढलेला नव्हता. याच लँगम्यूर यांनी 1953 मध्ये एका व्याख्यानात, प्रामाणिक संशोधकसुद्धा जेमतेम जाणवणाऱ्या परिणामांच्या मागे लागून स्वतःची फसगत कशी करून घेतात, याचे अत्यंत नेमके विश्लेषण केले होते. दोन्ही गोष्टी मी विद्यार्थ्यांना एकत्र सांगतो. दिव्याच्या बंद काचेत एकेक वायू आत सोडून परिणाम वेगळा करता येत होता. आकाशात ती सोय नव्हती.

पाण्यावरील एकथराचा एक उपयोग आपल्या भागाला जवळचा आहे. लँगम्यूर आणि शेफर यांनी 1943 मध्ये दाबलेल्या एकथरातून पाण्याचे बाष्पीभवन किती मंदावते, हे मोजले. उन्हाळ्यात भंडारा-गोंदियाकडच्या मामा तलावांतून उडून जाणारे पाणी अशा मेद-अल्कोहोलच्या थराने वाचवावे, ही कल्पना त्यातूनच येते, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही या विषयावर काम झाले आहे. मोठ्या तलावावर वारा थर काठाला लोटतो आणि तो फाटतो, हा त्यातला कायमचा अडथळा आहे.

आपल्या प्रबंधासाठी माझी सूचना अशी की, लँगम्यूर यांचे प्रकरण चरित्राने न भरता त्यांची गृहीतके चार वाक्यांत लिहा आणि प्रत्येकापुढे आपल्या कोळशाबाबत ते खरे आहे, अंशतः खरे आहे की खोटे आहे, आणि कशावरून, ते नोंदवा. मग गावच्या बोअरचे पाणी आणि ऊर्ध्वपातित पाणी यांत समान फ्लोराइड ठेवून, 0.5 ते 10 मिलिग्रॅमच्या टप्प्यात, दोन्हींचे आयसोथर्म (ठराविक तापमानाला तीव्रतेनुसार किती अधिशोषण होते ते दाखवणारे वक्र) एकाच आलेखावर काढा. दोन वक्रांमधील अंतर किती आणि त्यातले किती बायकार्बोनेटमुळे आहे, हे ठरवण्यासाठी तिसरी मालिका ऊर्ध्वपातित पाण्यात त्या बोअरइतकेच सोडियम बायकार्बोनेट घालून करावी, आणि तिन्ही मालिकांत समतोलानंतरचा सामू प्रत्येक बाटलीगणिक लिहून ठेवावा.